न मागता लागणारे कुलूप

संगणकावरची फाइल उघडते, मजकूर नीट वाचता येतो, पण एक अक्षरही बदलता येत नाही, ही अडचण घरोघरी आणि कचेऱ्याकचेऱ्यांत येते. वडगाव मावळच्या तहसील कचेरीत द्यायच्या अर्जाचा नमुना व्हॉट्सॲपवर येतो. लोणावळ्यातल्या गृहरचना संस्थेच्या सभेचे इतिवृत्त मुंबईत राहणारे सचिव ईमेलने पाठवतात. कामशेतच्या बचत गटाचा जमाखर्च एका संगणकावरून दुसऱ्यावर जातो. यांतल्या कोणत्याही फाइलीला वापरणाऱ्याने कुलूप लावलेले नसते, तरी ती बंदच मिळते. हे कुलूप आपोआप लागते आणि लावणारा दर वेळी वेगळा असतो. कधी ते विंडोजने लावलेले असते, कधी वर्डने, तर कधी मध्येच गेलेल्या विजेमुळे ते काढायचे राहून गेलेले असते. म्हणून ‘लॉक कसे काढायचे’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुलूप कोणी लावले ते आधी ओळखायचे आणि मग तेवढेच काढायचे, हा त्यातला सरळ मार्ग आहे.

ओळखायची खूण पडद्यावरच असते. मजकुराच्या वर पिवळी पट्टी आणि तिच्यावर ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’ हे शब्द दिसले, तर फाइल बाहेरून आली म्हणून ती अडवलेली असते. ‘लॉक्ड फॉर एडिटिंग’ असा चौकोन आला, तर ती फाइल दुसरीकडे उघडी आहे असा संगणकाचा समज झालेला असतो. खिडकीच्या माथ्यावर फाइलच्या नावापुढे ‘रीड-ओन्ली’ आले, तर ती फक्त वाचण्यासाठी उघडलेली असते. ‘अनलायसन्स्ड प्रॉडक्ट’ आले, तर दोष फाइलीत नसून ऑफिसच्या परवान्यात असतो. बहुतेक लोक घाईत ही सूचना न वाचताच बंद करतात आणि मग अर्धा तास चाचपडतात. इंग्रजी सूचना न समजणाऱ्याने तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तरी पुढचे काम सोपे होते.

यांत सर्वांत जास्त वेळा भेटणारे कुलूप प्रोटेक्टेड व्ह्यूचे. ते मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०१० मध्ये आणले, पण त्याचे मूळ २००४ मधल्या विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपर्यंत जाते. तेव्हापासून इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीला विंडोज एक अदृश्य चिठ्ठी जोडते. ‘झोन आयडेंटिफायर’ नावाच्या या चिठ्ठीत फाइल कोणत्या क्षेत्रातून आली याचा आकडा असतो आणि इंटरनेटसाठी तो आकडा ३ आहे. चिठ्ठी फाइलच्या मजकुरात लिहिलेली नसते. विंडोजच्या एनटीएफएस या साठवण पद्धतीत फाइलला जोडून वेगळा कप्पा ठेवता येतो आणि चिठ्ठी त्या कप्प्यात असते. वर्ड किंवा एक्सेल फाइल उघडताना आधी हा कप्पा पाहते. आत ३ सापडला की फाइल एका बंदिस्त खोलीत उघडली जाते. तिथे वाचता येते, मजकूर कॉपी करता येतो, पण बदल करता येत नाही आणि छपाईही अडते. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला आलेल्या माणसाची फाइल उघडते पण छापली जात नाही, तेव्हा बहुधा कारण हेच असते.

ही चिठ्ठी कुठे टिकते आणि कुठे गळते हे समजले की बरेचसे गूढ उकलते. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट-३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात आणि त्यांत असा जादा कप्पा ठेवायची सोयच नाही. त्यामुळे तीच फाइल पेन ड्राइव्हवरून नेली की चिठ्ठी वाटेतच गळते आणि दुसऱ्या संगणकावर फाइल बिनतक्रार उघडते. ‘व्हॉट्सॲपवरून घेतली की लॉक होते, पेन ड्राइव्हने आणली की होत नाही’ हा अनेकांचा अनुभव अगदी खरा आहे. मात्र त्यावरून पेन ड्राइव्हची फाइल अधिक सुरक्षित ठरत नाही. तिच्या उगमाची नोंद तेवढी पुसलेली असते.

एका फाइलपुरता उपाय सोपा आहे. पाठवणारा ओळखीचा असेल आणि ती फाइल येणार हे आधीपासून माहीत असेल, तर पिवळ्या पट्टीवरचे ‘एनेबल एडिटिंग’ हे बटण दाबावे. वर्ड मग ती फाइल विश्वासाची मानते आणि पुढच्या वेळी सहसा विचारत नाही. दुसरी वाट फाइल न उघडताच वापरता येते. फाइलवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे, ‘जनरल’ या पानाच्या तळाशी ‘अनब्लॉक’ असा चौकोन असतो, त्यात खूण करून ‘ओके’ म्हणावे. चिठ्ठी जाते. फाइली झिपमध्ये एकत्र आल्या असतील तर ही खूण झिप सोडवण्याआधी त्या झिपलाच करावी. विंडोज झिप सोडवताना तिची चिठ्ठी आतल्या प्रत्येक फाइलला वाटते. झिप आधीच मोकळी केली की आतल्या पन्नास फाइली एकेक करून सोडवायचे कष्ट वाचतात.

रोजच ज्यांच्याकडे अशा फाइली येतात त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे आणि ती पुरेशी वापरली जात नाही. वर्डमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘ट्रस्ट सेंटर’, ‘ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज’ अशा पायऱ्या उतरल्या की ‘ट्रस्टेड लोकेशन्स’ हे पान मिळते. तिथे ‘ॲड न्यू लोकेशन’ने एखादा फोल्डर विश्वासाचा ठरवता येतो. संस्थेची कागदपत्रे किंवा दुकानाची बिले अशा नावाचा एक फोल्डर करून तो इथे नोंदवला की त्यातल्या फाइली थेट लिहिण्यासाठी उघडतात. आतल्या उपफोल्डरांनाही ही सवलत हवी असेल तर त्यासाठी वेगळी खूण करावी लागते. एक पथ्य मात्र कडक पाळावे. ‘डाउनलोड्स’ हा फोल्डर किंवा अख्खा सी ड्राइव्ह कधीही विश्वासाचा ठरवू नये, कारण अशा जागेतल्या फाइलीत दडलेल्या आज्ञा, म्हणजे मॅक्रोसुद्धा, न विचारता चालतात. बाहेरून आलेली फाइल आधी डाउनलोड्समध्ये पाहावी, ती योग्य वाटली तरच विश्वासाच्या फोल्डरात हलवावी.

त्याच ट्रस्ट सेंटरमध्ये ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’ नावाचे पान आहे. त्यावर तीन खुणा असतात: इंटरनेटवरून आलेल्या फाइली, धोक्याच्या जागी ठेवलेल्या फाइली आणि आउटलुकमधून आलेली जोडपत्रे. तिन्ही खुणा काढल्या की पिवळी पट्टी कायमची जाते आणि संगणक दुरुस्तीला येणारा माणूस अनेकदा हेच करून मोकळा होतो. हा उपाय चुकीचा आहे. वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींतून येणारे घातक मॅक्रो ही काल्पनिक भीती नाही. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली ती याच कारणाने. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात आणि ग्राहकांच्या ओळखपत्रांच्या प्रती जमा असतात, तिथे एक बटण दाबायचा त्रास वाचवण्यासाठी सगळी दारे उघडी टाकण्यात शहाणपण नाही. लोणावळा–खंडाळ्यातल्या लॉज आणि बंगल्यांच्या संगणकांना हे विशेष लागू आहे.

पट्टी पिवळीऐवजी लाल असेल तर थांबावे. फाइलच्या रचनेतच काही बिघाड आहे, असा तिचा अर्थ. अशी फाइल पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवणे उत्तम. वर्ड ९५ किंवा त्याआधीच्या काळातल्या फाइलीही आपोआप अडवल्या जातात, कारण त्या जुन्या साच्यांतल्या त्रुटींचा गैरफायदा घेता येतो. एखाद्या जुन्या संस्थेच्या १९९० च्या दशकातल्या फाइली अशाने बंद मिळतात. त्या उघडून ‘सेव्ह ॲज’ने नव्या साच्यात जतन करून ठेवल्या की पुढे प्रश्न उरत नाही.

दुसरे मोठे कुलूप फाइल दुसरीकडे उघडी असल्याचे सांगणारे. वर्डमध्ये फाइल उघडली की त्याच फोल्डरात एक लहानशी लपलेली फाइल तयार होते. तिच्या नावाची सुरुवात ~$ या चिन्हांनी होते. मूळ नाव लांब असेल तर त्यातली पहिली दोन अक्षरे या चिन्हांखाली जातात, म्हणून ते नाव तुटके दिसते. तिच्यात फाइल उघडणाऱ्याचे नाव असते. दुसऱ्या कोणी तीच फाइल उघडू पाहिली तर वर्ड हे नाव वाचून ‘अमक्याने संपादनासाठी उघडली आहे’ असे सांगते. व्यवस्था मुळात चांगली आहे. चिक्कीच्या दुकानातला संगणक आणि कारखान्यातला संगणक एकाच मालसाठ्याच्या फाइलीत एकाच वेळी लिहू लागले, तर एकाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांखाली गाडले जातील. ते टाळण्यासाठीच हे कुलूप आहे.

फाइल नीट बंद केली की ती लपलेली फाइल, म्हणजे या कुलपाची चिठ्ठी, आपोआप पुसली जाते. अडचण होते ती संगणक अचानक बंद पडला की. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घाटमाथ्याच्या वाऱ्यात तारांवर फांदी पडली, वीज गेली, आणि डेस्कटॉपला यूपीएस नसला, तर वर्डला चिठ्ठी पुसायला सवड मिळत नाही. वीज आल्यावर संगणक सुरू होतो, पण जुनी चिठ्ठी तशीच पडून राहते आणि फाइल आपल्याच नावाने आपल्यालाच अडवते. फाइल दुसऱ्या संगणकावरच्या सामायिक फोल्डरात असेल तर हे आणखी चिवट असते, कारण तिथला संगणक काही काळ फाइल उघडीच धरून ठेवतो.

हे कुलूप काढताना क्रम पाळावा. पहिल्यांदा खात्री करावी की खरोखर दुसऱ्या कोणी ती फाइल उघडलेली नाही. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावे आणि वर्ड मागे चालू आहे का ते पाहावे. अनेकदा खिडकी बंद दिसते, पण वर्ड आत जिवंत असते. दुसऱ्या फाइलींतले काम जतन करून ‘एंड टास्क’ म्हणावे. तरीही अडत असेल तर फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटेम्स’ दाखवायला सांगावे. विंडोजची लपवाछपवी कडक असेल तर ‘फोल्डर ऑप्शन्स’मधली संरक्षित फाइली लपवण्याची खूणही तात्पुरती काढावी लागते. ~$ ने सुरू होणारी फाइल दिसली की तीच पुसावी. मूळ फाइलला हात लावू नये. फाइल एक्सप्लोररमध्ये उजवीकडे फाइलची झलक दाखवणारी ‘प्रिव्ह्यू पेन’ सुरू असेल तर तीही कधीकधी फाइल धरून ठेवते. ती बंद केल्याबरोबर काही जणांचा प्रश्न सुटतो.

मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्येही हीच पद्धत आहे. तिथल्या चिठ्ठीचे नाव टिंब आणि ~ या चिन्हांनी सुरू होते, पुढे ‘लॉक’ हा शब्द आणि मूळ फाइलचे नाव येते, शेवटी # असते. तीत वापरणाऱ्याचे नाव, संगणकाचे नाव आणि वेळ असते. लिब्रेऑफिस अशा वेळी फक्त वाचण्यासाठी उघडू की प्रत उघडू असे विचारते. ही चिठ्ठी बनवणेच बंद करायची सोय त्याच्या तज्ज्ञांसाठीच्या सेटिंग्जमध्ये आहे, पण एकाहून जास्त माणसे वापरतात त्या फाइलींसाठी ती घेऊ नये. तिघाचौघांना एकाच वेळी लिहायचे असेल तर फाइल गुगल डॉक्स किंवा वनड्राइव्हवर ठेवणे हा खरा उपाय आहे. तिथे प्रत्येकाचे बदल एकमेकांत मिसळत जातात, त्यामुळे अख्ख्या फाइलला कुलूप लावायची गरजच पडत नाही. वीज गेल्याने बुडालेले काम परत मिळवायला वर्डचे ‘ऑटोरिकव्हर’ असते. ते मूळ रचनेत दर दहा मिनिटांनी नोंद ठेवते. ‘ऑप्शन्स’मधल्या ‘सेव्ह’ या पानावर ही वेळ दोन–तीन मिनिटांवर आणता येते, आणि मावळच्या पावसाळ्यात ती आणावीच.

आपोआप कुलूप लावायचा सर्वांत उघड प्रयोग ॲपलने केला. जुलै २०११ मध्ये आलेल्या मॅकच्या ‘लायन’ आवृत्तीत दोन आठवडे हात न लागलेला दस्तऐवज स्वतःच बंद होत असे. त्यात टाइप करू लागले की कुलूप उघडायचे की नवी प्रत करायची असे विचारले जाई. त्यामागे विचार होता. लायनमध्ये प्रत्येक बदल न सांगता जतन होत असे. अशा व्यवस्थेत जुनी फाइल केवळ पाहायला उघडली आणि चुकून एखादी कळ दाबली गेली तर तो बदलही कायम झाला असता. पण वर्षातून एकदोनदाच उघडायच्या फाइलींसाठी, उदाहरणार्थ हंगामाचे दरपत्रक किंवा वार्षिक सभेची सूचना, हे कुलूप दर वेळी आडवे येई. ते बंद करायची सोय होती, पण ‘टाइम मशीन’ या बॅकअपच्या सेटिंग्जमध्ये, ‘ऑप्शन्स’च्या आत. कुलूप लावण्यापेक्षा त्याची किल्ली अशा जागी ठेवणे ही त्या रचनेतली मोठी चूक होती. आजच्या मॅकमध्ये हे आपोआप लागणारे कुलूप नाही. फाइलच्या चिन्हावर छोटे कुलूप दिसलेच तर ती फाइल निवडून कमांड आणि आय या कळा दाबाव्यात आणि ‘लॉक्ड’ची खूण काढावी.

काही कुलपे फाइल पाठवणाऱ्याने जाणूनबुजून लावलेली असतात, पण घेणाऱ्याला ती आपोआप लागल्यासारखी वाटतात. ‘मार्क ॲज फायनल’ हे त्यांतले सर्वांत हलके. ‘एडिट एनीवे’ दाबले की ते निघते, कारण ती फक्त ‘हा अंतिम मसुदा आहे’ अशी सूचना असते. ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’ला पासवर्ड असेल तर तो पाठवणाऱ्याकडूनच मागावा. साधी रीड-ओन्ली खूण प्रॉपर्टीजमध्ये निघते. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये मात्र त्याच खुणेचा चौकोन नेहमीच अर्धवट भरलेला दिसतो. तो कितीही वेळा काढला तरी परत येतो आणि त्याचा फाइल बंद असण्याशी काही संबंध नसतो.

नव्या लॅपटॉपसोबत आलेल्या ऑफिसची चाचणी मुदत संपली की सगळ्याच फाइली एकाच दिवशी बंद झाल्यासारख्या वाटतात. त्या उघडतात, छापता येतात, पण लिहिता येत नाही. इथे फाइलीशी झटापट करण्यात अर्थ नाही. परवाना घ्यावा किंवा लिब्रेऑफिस बसवावे. चोरीचा परवाना ‘ॲक्टिव्हेट’ करणाऱ्या फुकट प्रोग्रामांतून विषाणू येतात.

फाइल उघडते, लिहिताही येते, पण जतन करताना नकार मिळतो, असेही घडते. त्यामागे विंडोजचेच एक संरक्षण असू शकते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरच्या संगणकांतल्या फाइली कुलूपबंद केल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज १० मध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ ही सोय आली. ती मुळात बंद असते. कोणी सुरू केली तर अनोळखी प्रोग्रामला ‘डॉक्युमेंट्स’सारख्या फोल्डरांत लिहू देत नाही. हिशेबाचे किंवा मराठी टंकलेखनाचे एखादे जुने सॉफ्टवेअर अशा वेळी अडते. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ या पानावर त्या एका प्रोग्रामला परवानगी द्यावी आणि संरक्षण चालू ठेवावे.

शेवटी काही कुलपे न काढण्यासाठीच असतात. ई-आधारची पीडीएफ उघडायला नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष असा पासवर्ड लागतो. महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचा सातबारा द्यायला सुरुवात केली. त्या पीडीएफमध्ये काही बदलता येत नाही आणि येऊही नये. सही जपणारे कुलूप हाच त्या उताऱ्याचा जीव आहे. ती पीडीएफ पुन्हा ‘प्रिंट टू पीडीएफ’ केली, स्कॅन केली किंवा वर्डमध्ये फिरवली की डिजिटल सही गळून पडते. जमिनीचा व्यवहार, बँकेचे कर्ज किंवा पीक विमा यासाठी उतारा पाठवायचा असेल तर संकेतस्थळावरून उतरवलेली मूळ फाइलच, काहीही न बदलता, पुढे पाठवावी.